आंबोली ते तिलारी: पावसाळी जंगलात पाठीवर सॅक घेऊन वन्यजीव कसे पाहावेत

सदाहरित जंगलात जाणाऱ्या बहुतेकांच्या मनात ताडोबाचे किंवा कान्ह्याचे चित्र असते. उघड्या जीपमधून फिरायचे, पाणवठ्यावर थांबायचे आणि मोठे जनावर दिसले की फेरी सफल झाली असे मानायचे, ही पानगळीच्या जंगलातली रीत आहे. सिंधुदुर्गातल्या आंबोली-तिलारीच्या जंगलात ती चालत नाही. पावसाळ्यात येथे वीस पावलांपलीकडचे दिसत नाही, पाणी सर्वत्र असल्यामुळे पाणवठा नावाची गोष्ट उरत नाही आणि बरेचसे जीवन पानाच्या मागे, दगडाखाली किंवा रात्रीच्या अंधारात चाललेले असते. म्हणून या सबंध लेखाचा आधार एकच सल्ला आहे. ठिकाणे कमी निवडावीत, प्रत्येक ठिकाणी रात्री जास्त काढाव्यात आणि चालण्यापेक्षा थांबण्याला अधिक वेळ द्यावा. पुढे सामान, मुक्काम, आरोग्य आणि निरीक्षण यांविषयी जे सांगितले आहे, ते या सल्ल्याच्या सोयीसाठीच आहे.

प्रदेशाची ओळख

आंबोली हे गाव सावंतवाडीच्या वर, घाटमाथ्यावर सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि तेथे वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. त्यामुळे हे जंगल विषुववृत्तावरच्या बारमाही पावसाच्या जंगलासारखे नाही. काही भागात ते पूर्ण सदाहरित, काही भागात निमसदाहरित आहे आणि मध्ये मध्ये जांभ्या दगडाचे उघडे सडे आहेत. अंजनी, जांभूळ, हिरडा, पिशा ही माथ्यावरची नेहमीची झाडे आहेत. घाट उतरून दोडामार्ग तालुक्यात, तिलारीच्या खोऱ्यात आलो की जंगलाची उंची वाढते, वेलींची जाडी वाढते, भेरली माड आणि रानजायफळ दिसू लागतात आणि हवा दमट, जड होते. या दोन ठिकाणांतला उंचीचा फरक मोठा असल्यामुळे एकाच प्रवासात दोन वेगळ्या प्रकारची जीवसृष्टी पाहता येते. हा मार्ग निवडण्याचे माझे मुख्य कारण तेच आहे.

या टापूला कायद्याचे संरक्षण तुलनेने उशिरा मिळाले. पश्चिम घाटातील ३९ स्थळे २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेली, तेव्हा महाराष्ट्रातून कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी यांची निवड झाली, आंबोलीची झाली नाही. तिलारीचे सुमारे २९.५ चौरस किलोमीटर क्षेत्र २०२० मध्ये संवर्धन राखीव म्हणून घोषित झाले. आंबोलीतील हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडात सापडलेल्या ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या माशाचे शास्त्रीय वर्णन त्याच वर्षी प्रसिद्ध झाले आणि २०२१ मध्ये त्या परिसराला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. बाकीचे पुष्कळसे जंगल मात्र खाजगी किंवा गावच्या मालकीचे आहे. आंबोली, चौकुळ आणि गेळे या गावांतल्या जमिनींच्या मालकीचा, ‘कबुलायतदार-गावकर’ या नावाने ओळखला जाणारा प्रश्न स्थानिकांच्या जिव्हाळ्याचा आहे. आपल्याला मोकळा वाटणारा सडा कोणाच्या तरी हक्काचा असतो, म्हणून गावात विचारल्याशिवाय पायवाट सोडून आत शिरू नये.

पहिली पायरी: कोणत्या महिन्यात जायचे हे ठरवणे

आपल्याला काय पाहायचे आहे यावर महिना ठरतो. बेडूक, साप आणि देवगांडूळ (जमिनीखाली राहणारा एक उभयचर) यांच्यासाठी मृगाच्या पहिल्या सरींपासून जुलैच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. जुलैच्या उत्तरार्धात आणि ऑगस्टमध्ये पाऊस इतका सलग असतो की दुर्बीण उचलण्याचीही सोय राहत नाही, आणि शनिवार-रविवारी मुख्य धबधब्यापाशी वाहनांची रीघ लागते. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा फुलपाखरांचा, सड्यावरच्या फुलांचा आणि स्वच्छ प्रकाशाचा काळ आहे. धनेशांसाठी तिलारीत जानेवारी ते मार्च हे महिने उत्तम असले, तरी त्याच काळात माकडतापाचा धोका असतो, त्याविषयी पुढे लिहिले आहे.

एकदाच जाणे शक्य असेल तर जूनचा शेवटचा आठवडा निवडावा आणि सोमवार ते शनिवार असा हिशेब धरावा. आंबोलीत किंवा चौकुळला तीन रात्री आणि तिलारी परिसरात दोन रात्री अशी विभागणी योग्य ठरते. यांशिवाय एक दिवस हाताशी राखून ठेवावा, कारण आंबोली घाटात दरड कोसळून वाहतूक थांबणे ही पावसाळ्यात नेहमीची बाब आहे आणि परतीची गाडी त्याच दिवशी असेल तर सगळी सहल त्या चिंतेत जाते.

दुसरी पायरी: पोहोचणे, मुक्काम आणि परवानगी

मुंबईकडून येणाऱ्यांनी कोकण रेल्वेने सावंतवाडी रोड स्थानकावर उतरावे. स्थानक शहराबाहेर आहे, तेथून रिक्षाने एसटी स्थानकावर यावे आणि आंबोलीची गाडी धरावी. सावंतवाडी ते आंबोली हे अंतर सुमारे तीस किलोमीटर आहे. पुण्याकडून येणाऱ्यांना कोल्हापूर आणि आजरामार्गे घाट न उतरता थेट माथ्यावर पोहोचता येते. आंबोलीहून तिलारीकडे जाताना मात्र पुन्हा सावंतवाडीला उतरून बांदामार्गे दोडामार्गची एसटी घ्यावी. थोडा फेरा पडतो, पण पाठीवर सामान घेऊन पावसात अनोळखी घाटवाट उतरण्यापेक्षा तो कितीतरी सुरक्षित आहे. एटीएम आणि औषधाचे दुकान ही कामे सावंतवाडीतच उरकावीत, वर आल्यावर त्यांचा भरवसा धरू नये.

मुक्काम गावातल्या घरगुती निवासात करावा. जंगलात तंबू ठोकण्याचा विचार मनातून काढून टाकावा. राखीव वनात त्याला परवानगी नसते, आणि असती तरी या पावसात ओल्या तंबूत काढलेल्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी निरीक्षणाची ताकद उरत नाही. घरगुती निवासाचा खरा लाभ वेगळाच आहे. यजमानांच्या घरी चुलीजवळ कपडे वाळतात, पहाटे पाच वाजता चहा मिळतो आणि काल संध्याकाळी गवे कोणत्या शेतात उतरले होते ही बातमी जेवताना आपोआप कळते. दोडामार्ग तालुक्यात रबर आणि अननसाच्या लागवडीसाठी जंगल साफ केलेले उतार ठिकठिकाणी दिसतात. ज्या घराला उभ्या जंगलामुळे चार पैसे मिळतात, त्या घराला जंगल राखण्याचे कारणही मिळते, म्हणून राहणे, जेवण आणि वाटाड्या या तिन्हींसाठी गावातच खर्च करावा असे मला मनापासून वाटते.

रात्री राखीव वनात वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. आंबोलीत रात्रीची फेरी साधारणपणे गावातल्या रस्त्यांच्या कडेने, मालकाच्या संमतीने खाजगी जागेतून आणि जाणकार स्थानिक मार्गदर्शकाबरोबर होते. मार्गदर्शक ठरवताना त्याला एक प्रश्न अवश्य विचारावा: फोटोसाठी तो सापाला किंवा बेडकाला हलवतो का? जो काठीने साप उचलून सोयीच्या फांदीवर ठेवून देतो, त्याच्याबरोबर जाऊ नये. चांगला मार्गदर्शक प्राणी जिथे आहे तिथेच दाखवतो आणि दिसत नसेल तर तसे सांगतो.

तिसरी पायरी: सॅक भरणे

चाळीस लिटरची सॅक पुरेशी आहे आणि पाण्यासह तिचे वजन आठ-नऊ किलोच्या वर जाऊ नये. सॅकवरचे पावसाळी आवरण येथे पुरत नाही, कारण पाणी पाठीच्या बाजूने झिरपते. आत एक जाड, मोठी प्लास्टिकची पिशवी अस्तरासारखी घालावी, सगळे सामान त्या पिशवीत ठेवून तिचे तोंड पिळून बांधावे आणि कोरड्या कपड्यांना आणखी एक वेगळी पिशवी द्यावी.

कपड्यांचा नियम सोपा आहे, पण पाळायला कठीण आहे. एक जोड ओला आणि एक जोड कोरडा ठेवायचा. दिवसभर भिजलेला जोड रात्री दोरीवर टाकायचा, तो वाळणार नाही हे गृहीत धरायचे आणि सकाळी तोच ओला जोड पुन्हा अंगात घालायचा. कोरडा जोड फक्त घरात आणि झोपताना वापरायचा. सकाळी थंडगार ओला सदरा चढवणे जिवावर येते, म्हणून अनेक जण दुसऱ्या दिवशी कोरडा जोड बाहेर काढतात आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे झोपायलाही कोरडे काही उरत नाही. कपडे सुती नसावेत, लवकर वाळणाऱ्या कृत्रिम धाग्याचे, लांब बाह्यांचे आणि मातकट किंवा हिरव्या रंगाचे असावेत. जीन्स घरीच ठेवावी.

पायात गमबूट घालावेत. सावंतवाडीच्या बाजारात ते सहज मिळतात आणि गावातले लोकही शेतात तेच वापरतात. ट्रेकिंगचे महागडे बूट येथे पहिल्या तासात आतून भिजतात आणि मग चार दिवस वाळत नाहीत. गमबूट फक्त निसरड्या कातळावर दगा देतात, म्हणून ओढ्यातल्या शेवाळलेल्या दगडांवर ते घालून उड्या मारू नयेत. मुक्कामी आल्यावर पाय पुसून, बोटांच्या बेचक्यांत बुरशीनाशक पावडर लावून मोजे बदलावेत आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवावेत. ज्याचे पाय चौथ्या दिवशी शाबूत असतात त्यालाच तिलारी पाहायला मिळते.

रेनकोटपेक्षा छत्री बरी, असे माझे स्पष्ट मत आहे. रेनकोटच्या टोपीवर पडणाऱ्या थेंबांच्या आवाजात बेडकांचे आणि पक्ष्यांचे आवाज बुडून जातात, आणि या जंगलात डोळ्यांइतकाच कानांवर भरवसा ठेवावा लागतो. छत्रीखाली दुर्बीण आणि वही दोन्ही कोरडी राहतात. वादळी वाऱ्याच्या दिवसांपुरता पातळ रेनकोट जवळ असावा. डोक्याला बांधायची एक आणि हातात धरायची एक अशा दोन विजेऱ्या, जादा बॅटऱ्या, ८ × ४२ मापाची शक्यतो जलरोधक दुर्बीण, कॅमेऱ्यासाठी हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, जलसंजीवनीची पाकिटे, शिट्टी, नेहमीची औषधे आणि रोख पैसे, एवढे झाले की यादी संपते. खोऱ्यांत मोबाइलला रेंज मिळत नाही, त्यामुळे नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा.

चौथी पायरी: जळवा, गोचीड आणि आरोग्य

जळवांची भीती धोक्याच्या मानाने फार मोठी आहे. गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे विजारीवरून ओढून घेतले की निम्मे काम होते, आणि दर अर्ध्या तासाने थांबून एकमेकांचे पाय पाहिले की उरलेले होते. मोज्यांना आणि बुटांना बाहेरून तंबाखूचे पाणी लावण्याची स्थानिक पद्धत उपयोगी पडते. चिकटलेली जळू ओढून किंवा चटका देऊन काढू नये. तिच्या निमुळत्या टोकाखाली नख सरकवून ती बाजूला सारावी. रक्त बराच वेळ वाहते, कारण जळू रक्त गोठू न देणारे द्रव्य सोडते. जखम साबणाने धुऊन दाबून धरावी, एवढेच पुरते.

गोचीड मात्र खरोखरच धोकादायक आहे. माकडताप म्हणजेच क्यासनूर जंगलताप २०१६ पासून सिंधुदुर्गात, मुख्यतः दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत आढळला आहे. तो गोचिडांच्या बारीक पिल्लांमुळे पसरतो आणि त्याचा हंगाम साधारण जानेवारी ते मे हा असतो. या महिन्यांत जाणाऱ्याने पालापाचोळ्यावर बसू नये, उघड्या त्वचेवर आणि कपड्यांवर कीटकरोधक लावावे, परतल्यावर कपडे गरम पाण्यात धुवावेत आणि अंगभर गोचीड तपासावी. कोठे मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता ग्रामपंचायतीला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे. पावसाळ्यात लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती असते. पायाला जखम असताना भातखाचरातून किंवा साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालणे टाळावे आणि प्रतिबंधक औषधाविषयी निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारावे.

सर्पदंशाविषयी एक गोष्ट प्रत्येकाला माहीत असायला हवी. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बनवलेले आहे. आंबोलीत पावसाळ्यात सर्वांत जास्त दिसणारा विषारी साप म्हणजे मलबारी चापडा, आणि त्याच्या विषावर ते प्रतिविष लागू पडत नाही. त्याचा दंश सहसा प्राणघातक नसला तरी अतिशय वेदना, सूज आणि गुंतागुंत होऊ शकते. तिलारीतल्या नागराजालाही हेच प्रतिविष उपयोगी पडत नाही. साप कोणताही असो, दंश झालेला अवयव हलू न देता आधार देऊन ठेवावा, अंगठ्या आणि घड्याळ काढावे, दोरी आवळून बांधू नये, कापू नये, चोखू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून रुग्णालय गाठावे. खबरदारीचा मोठा भाग हातात आहे. चापडा बहुधा कमरेच्या उंचीवरच्या झुडपात किंवा पायवाटेच्या कडेच्या दगडावर वेटोळे घालून बसतो, म्हणून तोल सावरण्यासाठी फांदी धरण्यापूर्वी तिच्याकडे नीट पाहावे.

पाचवी पायरी: पाहायला शिकणे

रात्रीची फेरी सातच्या सुमारास सुरू करावी आणि दोन-अडीच तासांत फार तर एक किलोमीटर अंतर कापावे. सुरुवातीलाच सर्व विजेऱ्या विझवून पाच मिनिटे अंधारात उभे राहावे. आधी सगळा आवाज एकच वाटतो. मग त्यात थर दिसू लागतात: जमिनीलगतची किरकिर, ओढ्याकाठचा घोगरा आवाज, कमरेच्या उंचीवरच्या झुडपांतली टक-टक आणि वर फांद्यांतून येणारा जाड, तुटक आवाज. बेडूक उंचीनुसार वाटले गेले आहेत हे एकदा कानांना कळले की विजेरी कोठे फिरवायची ते आपोआप समजते.

झुडपांतले टक-टक करणारे बेडूक नखाएवढे असतात. त्यांच्यातल्या अनेक जाती पाण्यात अंडी घालतच नाहीत, त्यांचा बेडूकमासा अंड्यातच वाढतो आणि थेट इवलासा बेडूक बाहेर येतो. वरचा जाड आवाज मलबारी उडत्या बेडकाचा असू शकतो. हिरवागार, बोटांमधल्या लालसर पडद्यांचा हा बेडूक साचलेल्या पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवर फेसाचे घरटे करतो. त्या फेसात अंडी असतात, आणि पिल्ले बाहेर आली की पावसाच्या धारांबरोबर खालच्या पाण्यात पडतात. म्हणून जुन्या टाकीवर, विहिरीवर किंवा डबक्यावर झुकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा दिसला तर ती जागा लक्षात ठेवून सलग तीन रात्री तेथे जावे. एका रात्री जो केवळ फेस असतो, तो तीन रात्री पाहिल्यावर एक घटना बनतो.

आंबोलीची खास ओळख असलेला टोड बेडूक सड्यावर शोधावा. अंगावर वाघासारखे पट्टे असल्यामुळे त्याला ‘टायगेरिना’ हे नाव मिळाले, त्याचे शास्त्रीय वर्णन २००९ साली झाले आणि तो अतिसंकटग्रस्त गणला जातो. पहिल्या सरी पडल्या की जांभ्या कातळावरच्या उथळ डबक्यांत त्याची वीण होते. तळवा बुडेल न बुडेल एवढ्या त्या पाण्यावर एका पिढीचे भवितव्य असते. सड्यावर चालताना डबक्यांत पाय टाकू नये हा नियम त्यामुळे सर्वांत महत्त्वाचा आहे. रात्री पावसात गाडी चालवणेही शक्य तितके टाळावे, कारण हे बेडूक रस्त्यावर येऊन बसतात आणि चाकांखाली मरतात.

देवगांडूळ पाहण्याची इच्छा असणाऱ्याने नशिबाची वाट पाहावी. गांडुळासारखा दिसणारा हा पाय नसलेला उभयचर जमिनीखाली राहतो आणि मुसळधार पावसात कधीतरी वर येतो. त्याच्यासाठी दगड उलथत फिरणे म्हणजे दहा जिवांची घरे मोडून एकाला पाहणे होय. मार्गदर्शकाने एखादा दगड उचललाच तर तो जसा होता तसा, त्याच खाचेत परत ठेवला जातो की नाही हे आपण पाहावे.

चापडा शोधण्याची रीत वेगळी आहे. तो दबा धरून शिकार करतो आणि कित्येकदा एकाच फांदीवर अनेक दिवस बसून राहतो. हिरवा, तपकिरी, पिवळसर, नारिंगी असे त्याचे अनेक रंग आहेत, त्यामुळे रंग शोधू नये, आकार शोधावा. सरळ वाढणाऱ्या फांद्यांमध्ये जिथे विनाकारण गाठ दिसते, तिथे प्रकाश स्थिर धरावा. एकदा सापडला की किमान दोन मीटर अंतर ठेवून दुर्बिणीने पाहावे. दुसऱ्या रात्री तोच साप त्याच जागी, तोंड मात्र वेगळ्या दिशेला केलेला पाहण्यात जो आनंद आहे, तो दहा वेगळे साप घाईने पाहण्यात मला कधी मिळाला नाही.

कोणताही उभयचर हातात घेऊ नये. त्यांची त्वचा श्वास घेते आणि आपल्या हाताला लागलेले कीटकरोधक, मीठ किंवा तंबाखू तिच्यातून थेट शरीरात जाते. जळवांसाठी लावलेले तंबाखूचे पाणीही याच कारणाने बुटांवर असावे, हातांवर नसावे.

पहाटेचे काम पक्ष्यांचे. अजून उजाडायचे असताना ओढ्याच्या बाजूने कोणी माणूस रमतगमत शीळ घालत चालला आहे असे वाटले, तर तो शीळकरी कस्तूर असतो. प्रकाश आल्यावर मिश्र थव्यांची वाट पाहावी. सदाहरित जंगलात अर्धा तास काहीच दिसत नाही आणि मग एकाच झाडावर निखार, सुतार, पर्णपक्षी असे दहा-बारा पक्षी एकदम येतात. त्यांच्याबरोबर शेपटीची दोन लांब पिसे मिरवणारा भृंगराज बहुधा असतोच आणि त्याचा धातूसारखा आवाज थव्याची वर्दी देतो. अशा वेळी थव्यामागे धावू नये. जिथे आहोत तिथेच झाडाला पाठ लावून उभे राहावे, थवा आपल्या अंगावरून जातो. ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत पावसाळ्यात तिबोटी खंड्या घरटे करतो. निळा, नारिंगी आणि जांभळा असा हा चिमुकला पक्षी सर्वांनाच हवा असतो, आणि घरट्याजवळ ठाण मांडणाऱ्या छायाचित्रकारांमुळे त्याची पिल्ले उपाशी राहतात. तोंडात भक्ष्य घेऊन एखादा खंड्या समोरच्या फांदीवर नुसता बसून राहिला असेल, तर आपण त्याच्या वाटेत उभे आहोत असे समजून ताबडतोब मागे सरकावे.

सहावी पायरी: तिलारीत मोठ्या जिवांच्या शेजारी

तिलारीत पोहोचल्यावर पहिल्या सकाळीच फळांवर आलेला वड, उंबर किंवा पायर कोठे आहे हे यजमानांना विचारावे. असे झाड सापडले की उजाडण्यापूर्वी त्याच्यापासून तीस-चाळीस पावलांवर आडोसा धरून बसावे आणि नऊपर्यंत हलू नये. कुर्टूर, हरोळ्या, शेकरू हे तर येतातच, पण नशीब असेल तर आधी पंखांचा वाफेच्या इंजिनासारखा आवाज ऐकू येतो आणि मग मोठा धनेश फांदीवर उतरतो. या खोऱ्यात त्याच्याबरोबर ककणेर आणि मलबारी राखी धनेशही दिसतात. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला जवळजवळ पूर्ण बंद करून घेते आणि अनेक आठवडे नराने आणलेल्या फळांवर जगते. नर बुजला तर आतल्या दोघांचीही उपासमार होते. म्हणून ढोलीची जागा कळली तरी तिकडे जाऊ नये, फळझाडावर पाहणे हेच सभ्यपणाचे आहे.

नदीकाठच्या वाळूत ओल्या सकाळी पावलांचे ठसे शोधावेत. ऊद, सांबर, भेकर, साळिंदर, कधी बिबट्या यांची हजेरी तेथे नोंदलेली असते. पट्टेरी वाघही या पट्ट्यातून ये-जा करतात, पण त्यांच्या दर्शनाची अपेक्षा धरून येथे येऊ नये.

गवा दिसणे मात्र आंबोलीत आणि तिलारीत दोन्हीकडे शक्य आहे. कळपापेक्षा एकटा नर अधिक धोकादायक असतो. त्याने मान खाली घालून नाकातून फुंकर टाकली की आपण फार जवळ आलो आहोत. पाठ न दाखवता तिरके मागे सरावे आणि एखाद्या जाड झाडामागे जावे. शंभर फुटांच्या आत तर कधीच जाऊ नये. दोडामार्ग तालुक्यात २००२ पासून कर्नाटकातून रानटी हत्ती येत आहेत आणि शेतकऱ्यांच्या माडबागा व केळीबागांची त्यांनी फार हानी केली आहे. आपल्यासाठी जे दर्शन असते ते त्या घरासाठी वर्षाचे उत्पन्न गेल्याची खूण असते, याची जाण बोलताना ठेवावी. रोज सकाळी हत्ती कोणत्या वाडीजवळ आहेत हे विचारावे, त्या दिशेला जाऊच नये आणि अंधार पडल्यावर वाडीबाहेर पायी फिरू नये. अडचणीच्या वेळी वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक उपयोगी पडतो.

सातवी पायरी: नोंदी आणि परतल्यानंतरची कामे

दर रात्री झोपण्यापूर्वी वहीत चार गोष्टी लिहाव्यात: काय पाहिले, किती वाजता, जमिनीपासून किती उंचीवर आणि त्या वेळी पाऊस कसा होता. नाव ओळखता आले नाही तरी हरकत नाही. उंची आणि पाऊस लिहिला असेल तर जाणकार नंतर नाव सांगू शकतात, नुसत्या सुंदर फोटोवरून पुष्कळदा सांगता येत नाही. पक्ष्यांच्या नोंदी ईबर्ड या संकेतस्थळावर आणि इतर जिवांच्या आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाकाव्यात. आयनॅचरलिस्टवर संकटग्रस्त जातींचे नेमके ठिकाण आपोआप धूसर केले जाते. समाजमाध्यमांवर तशी सोय नसते, म्हणून तेथे टोडाच्या सड्याचे, चापड्याच्या फांदीचे किंवा धनेशाच्या झाडाचे ठिकाण लिहू नये. तालुक्याचे नाव पुरेसे आहे.

घरी पोहोचल्यावर सॅक लगेच उघडावी. गमबूट ब्रशने घासून, जंतुनाशकाने धुऊन, पूर्ण कोरडे करावेत आणि मगच दुसऱ्या कोणत्याही जंगलात न्यावेत, कारण बेडकांना मारणारी बुरशी ओल्या चिखलातून एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात जाऊ शकते. दुर्बीण आणि कॅमेरा दोन दिवस सिलिका जेलबरोबर बंद डब्यात ठेवावेत. पुढच्या तीन आठवड्यांत ताप, तीव्र अंगदुखी किंवा डोळे लाल होणे यांपैकी काहीही जाणवले तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे की आपण दोडामार्ग-सावंतवाडीच्या जंगलात राहून आलो आहोत. लेप्टो आणि माकडताप या दोन्हींची तपासणी वेळेवर होण्यासाठी एवढी माहिती निर्णायक ठरते. आणि नोंदींची वही स्वच्छ लिहून झाली की तिची एक प्रत मार्गदर्शकाला आणि यजमानांना पाठवावी, म्हणजे पुढच्या जूनमध्ये त्या फांदीवर, त्या टाकीवर आणि त्या सड्यावर काय बदलले हे त्यांना ताडून पाहता येईल.